मेंढरं बसवायचं ॲप

मी विश्रामबागेत लोकांना कॉम्प्युटर शिकवतो. प्रोग्रॅमिंग मला येत नाही, पण आमच्या नातेवाइकांना तो फरक कुठे कळतो! त्यात ती नो-कोडची साधनं निघाली. चौकोन ओढायचे, रंग निवडायचे, की ॲप तयार. मी हवेतच गेलो.

पहिलं गिऱ्हाईक मामा. मामाची मेंढरं दर उन्हाळ्यात जतकडून कडेगावच्या बाजूला येतात. रिकाम्या रानात रात्रभर मेंढरं बसवली की लेंड्यांनी रान खतावतं, म्हणून शेतकरी पाळी लावून वाट बघतात. कुणाची पाळी कधी, हे मामाच्या डोक्यात असायचं. ते मी ॲपमध्ये घातलं आणि मामाने डोक्यातनं काढून टाकलं. रोज सकाळी नाव आपोआप बदलायचं आणि सगळ्यांच्या फोनवर दिसायचं. मामाला त्याचा असला माज चढला, की आदल्या दिवशी घरी जाऊन 'उद्या येतो' सांगायची पिढ्यांची रीत त्याने मोडलीच. "फोनात बघा की," असं तो सरपंचालाही ऐकवायचा.

मग ते साधन बनवणारी परदेशातली कंपनी दुसऱ्या एका कंपनीनं गिळली. नव्या मालकांनी आपोआप चालणारी सगळी कामं बंद केली. तशी मेल मला आली होती म्हणे. जाहिरातींच्या ढिगात गेली. ॲप दिसत राहिलं, फक्त नाव बदलायचं थांबलं.

ज्याचं नाव अडकलं तो बागायतदार भलता बेरकी. त्याने चकार शब्द काढला नाही. रोज संध्याकाळी मामाला चहा, भाकरी, वर तंबाखू. पुढे त्याने पुरणपोळीचा बेत केला, तेव्हा कुठे मामाला संशय आला.

"गड्या, तुझं ॲप एकाच रानात बसलंय रं," मामाचा फोन आला.

मी मोटरसायकल काढून कडेगाव गाठलं. पाळ्यांची माहिती तरी बाहेर काढू म्हटलं, तर कंपनीनं तेही दार लावून घेतलेलं.

"मालकाला फोन लाव," मामा म्हणाला.

"मालकाला फोन लागत नाही, मामा."

"मग भांडायचं कुणासंगं?"

"एक यंत्र आहे. ते इंग्रजीत सॉरी म्हणतं."

त्यावर मामा जे बोलला ते छापण्यासारखं नाही.

मग दारोदार फिरणं आलं. गंमत अशी, की ज्याला विचारावं त्याची पाळी नेमकी आजच. एकाने तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. मामाही काही कमी नाही. प्रत्येकाला 'व्हय, व्हय' म्हणत चहा पिऊन निघायचा.

शेवटचं घर एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं. घरामागचं तिचं रान नांगरटीवाचून तसंच पडलं होतं.

"आक्का, तुमची पाळी कवा हुती?" मामाने विचारलं.

"गेली की," ती म्हणाली. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. "ट्रॅक्टर दोनदा माघारी लावला म्या. रोज फोन बघायची, रोज त्या बागायतदाराचंच नाव. म्हटलं, म्हातारीला तोंडावर न्हाई म्हणवंना, म्हणून फोनातनं सांगत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या कंपनीनं मला धड सांगितलं नाही, म्हणून मी सकाळपासून तिच्या नावाने खडे फोडत होतो. इथे तर घरी येऊन सांगणारा माणूस होता, आणि त्याची ती खेप मीच वाचवली होती.

मामाने पटका सारखा केला. "आक्का, आज तुमच्यात येतो."

म्हातारीने कोनाड्यातला फोन घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि पुन्हा मामाकडे बघितलं. फोनात अजून बागायतदाराचंच नाव होतं.