टिंबापुढचं सूत

ये गं, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण बस जरा. मावशीला फोन करतेस, "विमान उडालं का गं?" विचारतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस. असं दोन मिनिटांत उडतं होय विमान? त्यात तुझी मावसबहीण बसणार आहे, आणि मला ती एकच आहे. म्हणून आज सगळं लिहूनच काढते. वाचताना मध्ये उठायचं नाही.

खूळ मुलीचं, हात बापाचे. तिने नोकरी सांभाळून, सगळ्या सुट्ट्या घालवून विमान चालवायचा परवाना मिळवला, ते तुला ठाऊकच आहे. मग म्हणाली, आता स्वतःचं बनवणार. एका माणसाचं, लाकडाचं, बॅटरीवर चालणारं. तुझे काका मिलच्या वर्कशॉपमधले फिटर. मिल गेली, पण हातातली कानस सुटली नाही. चिंचपोकळीला त्यांच्या मित्राचा गाळा आहे, तिथे काम सुरू झालं. बाप मापं घ्यायचा, लाकूड कापायचा, वहीत लिहायचा. मुलगी वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवून हिशोब करायची. एरवी त्या दोघांचं बोलणं म्हणजे "गोळी घेतली?" आणि "घेतली." आता जेवताना ताटात आमटीने पंखांच्या रेघा निघायला लागल्या. मला बरं वाटायचं, आणि भीतीही.

पहिल्याच आठवड्यात मी सांगून टाकलं, "ज्यात माझी पोर बसणार, त्याचं गणित मला कळलं पाहिजे. तोवर बॅटरीचा खोका चिकटवायचा नाही."

"आई, तू सातवी पास," पोरगी हसली.

"म्हणूनच नीट समजावून सांग. दहावी पास असते तर घाईत सांगितलेलं चाललं असतं."

तेव्हा तिने मला चाळीतल्या काठीची आठवण करून दिली. तू सुट्टीत यायचीस तेव्हा पाहिलंयस, तिसऱ्या मजल्यावर उंच दोरीवर आम्ही काठीने साड्या टाकायचो. ओली साडी काठीच्या टोकाला असली की मनगट तुटायचं. तीच साडी हाताजवळ सरकवली की हलकी. साडी तीच, पाणी तेवढंच.

"झालं, आई," ती म्हणाली. "एवढंच गणित आहे. वजन गुणिले अंतर."

विमानातल्या एकेका वस्तूचं वजन लिहायचं, ती नाकापासून किती लांब आहे ते लिहायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा. मोटर, बॅटरी, खुर्ची, खुर्चीतली माझी मुलगी, शेपूट. सगळ्या गुणाकारांची बेरीज केली आणि एकूण वजनाने भागली, की विमानाचा तोल कुठे येतो ते कळतं. तो पंखाखालच्या चार बोटांच्या पट्टीतच यायला हवा. त्या पट्टीच्या मागे गेला, तर विमान नाक वर करतं आणि मग ते खाली आणणं माणसाच्या हातात राहत नाही. हे तिने अगदी सहज सांगितलं. मी मात्र त्या दिवशी भाकरी करपवली.

पस्तीस वर्षं मी ब्लाऊज शिवले गं. आकड्यांची मला भीती नाही. मी शंभर पानी वही आणली आणि काकांच्या वहीतून एकेक माप उतरवून घ्यायला बसले. लांबी, रुंदी, जाडी, आणि त्यावरून त्या लाकडाचं वजन. १४.३. २२.७. शेपटाच्या पट्ट्यांची जाडी ०.३. कॉम्प्युटरवर तोल पट्टीच्या आत येत होता, मागच्या काठापासून बोटभर पुढे. माझाही तेवढाच आला. मुलीने पाठ थोपटली. पण मला काहीतरी खुपत होतं, काजं करताना एक बटण कमी पडलंय असं वाटतं ना, तसं.

चौथ्या दिवशी तांदूळ निवडताना डोक्यात आलं. हात तसेच ठेवून उठले आणि वही उघडली. सहा पानं मापं, आणि टिंबाच्या पुढे एकदाही आठ नाही. एकदाही नऊ नाही. सातच्या वर काही जातच नव्हतं.

आता तू इंचपट्टी कधी हातात धरली नसशील, म्हणून सांगते. आमच्याकडे, म्हणजे शिंप्यांकडे, सुतारांकडे, मिलच्या वर्कशॉपमध्ये, इंचाचे आठ भाग. एकेका भागाला म्हणायचं सूत. सात सुतांपर्यंत मोजायचं, आठवं आलं की इंच पुरा. तुझे काका चौदा इंच तीन सूत लिहिताना मध्ये एक टिंब देत होते, जन्मभर देत आले तसं. मुलगी ते टिंब शाळेतलं समजून वाचत होती, आणि तिच्या मागोमाग मीही. बापाचं तीन म्हणजे आठातले तीन. लेकीचं तीन म्हणजे दहातले तीन.

बाप कापत होता जाड, लेक तोलत होती पातळ. आणि पातळ धरलेलं ते शेपूट काठीच्या अगदी टोकाला.

संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं. काका भडकलेच.

"माका माप शिकयतंस? बिलावजाचे गळे कापूचे नाय हत हे!"

"गळे माझे कधी चुकले नाहीत," मी म्हटलं. "तुमचं माप चुकलंय असंही मी म्हणत नाही. टिंब चुकलंय."

मुलगी कॉम्प्युटरवर बोटं फिरवत होती आणि वर बघत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, भांडायचं कशाला, वजन करू. शेपटाची एक चौकट तयार होऊन घरी आली होती, कपाटामागे उभी होती. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती मावेना. मग आम्ही तिघं ती घेऊन खाली उतरलो आणि लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गेलो. मी पुढे, मागे बापलेक दोन्ही टोकं धरून. लोक बघत होते.

मी दरवर्षी मिरच्या घेते तो दुकानदार म्हणाला, "काकी, हे भाजायचंय की नुसतं कुटायचंय?"

"आधी तोल. मग सांगते."

कॉम्प्युटर म्हणत होता एक किलो सहाशे. मिरचीच्या काट्यावर आकडा हलला, थांबला. दोन किलो. बरोबर दोन. काकांनी चौकट उचलून परत ठेवली. पुन्हा दोन. तेवढ्यात मुलीला शिंका आल्या, एकावर एक पाच, आणि डोळ्यांतून पाणी. मिरचीचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

घरी येऊन तिने सगळे आकडे नव्याने घातले. तोल पट्टीच्या बाहेर गेला होता. मागे.

काका उठले, लाल पेन घेतलं, आणि वहीतलं एकेक टिंब खोडून तिथे बारीक अक्षरात 'सूत' लिहायला लागले. सहा पानं. मुलगी शेजारी जाऊन बसली.

"बाबा, राहू दे. मी कॉम्प्युटरवर सुतांसाठी वेगळा रकाना केलाय. तुम्ही लिहिता तसंच लिहा."

"नको गो," ते म्हणाले. "तू त्यात बसतलंस."

एवढंच. आणि पान उलटून पुढचं टिंब खोडलं.

बॅटरीचा खोका आता वीतभर पुढे सरकलाय. तिने नव्याने गणित मांडलं, मी माझ्या वहीत मांडलं, काकांनी बोटांवर मांडलं, तिघांचं एक आलं तेव्हा मी म्हटलं, चिकटवा. बॅटरीचं एक बरं असतं बघ, भरलेली असो की संपलेली, वजन तेवढंच. वर गेल्यावर तोल सरकत नाही. हे कळल्यापासून मी जरा शांत झोपते.

तर नाही, विमान उडालेलं नाही. परवानगीचे कागद चालू आहेत. पण त्याआधी गाळ्यात ते पुरं जोडून, चाकागणिक एक अशा तीन काट्यांवर चढवायचंय, खुर्चीत माणूस बसवून. आता अडलंय ते तुझ्यावाचून. मुलगी म्हणते, काटे मी स्वतः वाचणार, बाबांना दिले तर टिंबं कुठे जातील देव जाणे. मी बसावं तर मी तिच्यापेक्षा चौदा किलोने भारी. तुझं आणि तिचं वजन सारखं, लहानपणापासून तुम्ही एकमेकींचे कपडे घातलेत.

तेव्हा येत्या रविवारी ये. सकाळीच ये, आणि उपाशी ये. वडे-सागोती करून ठेवते, पण ताटावर बसायचं ते वजन झाल्यावर.