पहिला खोकला

परवा विभागाच्या सभागृहात आम्ही सगळे सरांसाठी दोन मिनिटं उभे राहिलो. पंख्यांचा तेवढा आवाज येत होता.

सर सांख्यिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अणू असोत, मुंग्या असोत की बाजारातली माणसं, एकेकट्याकडे बघून जे कळत नाही ते सगळे मिळून कसं घडवतात, हाच त्यांचा जन्मभराचा अभ्यास. शोकसभेतही त्यांचं लक्ष असायचं. बाहेर आल्यावर मला, त्यांच्या विद्यार्थ्याला, हळूच म्हणायचे, "शांततेत खोकला कधी एकटा येत नाही, बघ. एक आला की दाबून धरलेले बाकीचे सुटतात. पहिला कुणाचाही असतो. आपला विषय दुसऱ्यापासून सुरू होतो."

पुढे मीही हेच शिकवत आलो. त्यामुळे परवाही मान खाली घालून मी वाट बघत होतो. सवय, दुसरं काय.

खोकला पहिल्या रांगेतून आला, सरांच्या पत्नीचा, काकूंचा. खरं तर तो हुंदका होता. त्यांनी तो खोकल्यात लपवला. मग डावीकडून, मागून, दाराशी उभ्या विद्यार्थ्यांमधून खोकले उठत गेले. आजारी तिथे कुणीच नव्हतं.

निघताना काकू म्हणाल्या, "आज ते असते, तर कान टवकारून ऐकत बसले असते, नाही का रे?"

मी मान हलवली. सरांचं म्हणणं खरंच ठरलं होतं. त्यांचा विषय दुसऱ्या खोकल्यापासून सुरू होतो; मी मात्र अजून पहिल्यापाशीच उभा आहे.