समोरची भिंत म्हणजे नॉर्थ

आयुष्यात मी जवळून पाहिलेला एकमेव कॅप्टन जळगावात राहायचा आणि खिडकीतून खाली थुंकायचा. पांढरा शर्ट, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या, पोटावर चहाचा जुना डाग आणि गालात गुटखा. तो कधी जहाजावर चढला होता की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की हसायचा आणि पुन्हा खिडकीकडे जायचा. खाली केळी पिकवायची वखार होती. पिकत्या केळीचा गोडसर आंबूस वास जिन्याने वर यायचा आणि वरून लाल पिचकाऱ्या खाली जायच्या. या दोहोंच्या मध्ये त्याचा मर्चंट नेव्हीचा क्लास भरत असे.

मी तिथे इंग्रजी शिकवायला जात होते. धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले, जळगावला राहायला आले आणि वर्षभरात घर खायला उठलं. हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे ते शब्द. दिशांचे आणि समुद्राचे इंग्रजी शब्द मला फार आवडतात, आणि आपल्याकडे त्यांची जी विटंबना चालते तिने माझं डोकं उठतं. धुळ्यात, जिथे नळाचं पाणी कधी येईल याची बायका वाट बघत बसतात, तिथे एका रो हाऊसच्या फाटकावर 'ओशन व्ह्यू' असं लिहिलंय. बसस्टँडसमोर पानटपरीच्या वर 'ओव्हरसीज कन्सल्टन्सी'. माझा भाचा घरच्या पलंगावर मांडी घालून लॅपटॉप बडवतो आणि स्वतःला 'ऑफशोर टीम' म्हणवतो. अरे, किनारा बघितलायस का कधी? कामात काही बिघडलं की तो 'एव्हरीथिंग इज गोइंग साउथ' म्हणतो. दक्षिणेने त्याचं काय घोडं मारलंय, ते त्याला सांगता येत नाही. नकाशात दक्षिण खाली असते आणि खाली जाणं वाईट, एवढीच काय ती अक्कल त्या वाक्यात आहे.

खरे शब्द असे उथळ नसतात. इंग्रजीत वाऱ्याला तो कुठून आला ते विचारतात आणि पाण्याला कुठे चाललंय ते. 'वेस्टर्ली' वारा पश्चिमेकडून येतो, पण समुद्रातला 'वेस्टर्ली' प्रवाह पश्चिमेकडे जातो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी तरुण होते आणि दिवसभर एकटीच हसत होते. वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला तो कुठून येतोय याची काळजी, आणि पाण्यात पडलेल्याला ते आपल्याला कुठे नेतंय याची. तसंच 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड'. डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं, तुम्ही वळलात की तेही वळतं. जहाजाच्या या दोन बाजू मात्र कोणीही, कसंही तोंड करून उभं राहिलं तरी तिथेच राहतात. हे सगळं शिकवायला मिळेल म्हणून मी तो घाणेरडा जिना चढत होते.

वर्गात बहुतेक मुलंच होती. मुली दोन, त्यातली एक पंधरवड्यातच यायची बंद झाली. राहिली ती रावेरकडच्या एका खेड्यातली. बारावी झालेली, उंच, सकाळच्या गाडीने येणारी. वडील केळीबागाईतदार. त्यांनी तिला एकच संधी देऊ केली होती. जहाज कंपनीच्या तोंडी परीक्षेला एकदा बसायचं. पास झाली तर जहाज, नाही तर बुऱ्हाणपूरकडचं एक स्थळ आलेलं होतं, तिथे होकार कळवायचा. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, न रडता, न तक्रार करता, गाडीची वेळ सांगावी तसं.

तिच्या गावात दिशा बोलण्याची एक रीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, म्हणून तिथे डावं-उजवं फारसं कोणी म्हणत नाही. डोंगराकडची खाट, तापीकडची चूल, उगवतीची खिडकी. पाठीला खाज सुटली तरी ती आईला 'थोडं डोंगराकडे' असं सांगत असणार, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "मॅडम, खरंच सांगते की!"

'विंडवर्ड' आणि 'लीवर्ड' मी वर्गात सांगितले तेव्हा मुलं माना डोलवत वहीत उतरवत होती. ती मात्र लिहायची थांबली.

"मॅडम, आमच्या बागेला मावळतीकडून शेवरी लावलेली असते. उंच झाडोरा. उन्हाळ्यातली गरम हवा पानं फाडते ना, ती अडवायला. मग शेवरीची जी बाजू मार खाते ती विंडवर्ड, आणि केळी आडोशाला उभी असते ती लीवर्ड?"

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं हे दोन शब्द शिकवले, पण त्यांना असं घर मिळालेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जिन्यातला वाससुद्धा मला आला नाही.

माझ्या तासाच्या आधी कॅप्टनची कवायत असायची. हॉलच्या चारी भिंतींना निळा रंग, त्यावर डॉल्फिन, नांगर आणि ठळक अक्षरांत दिशा. फळ्याच्या भिंतीवर 'नॉर्थ', मागे 'साउथ', उजवीकडे 'ईस्ट', डावीकडे 'वेस्ट'. नकाशा फळ्याला टांगलेला, नकाशात उत्तर वर, म्हणून फळा म्हणजे नॉर्थ. प्रत्यक्षात ती भिंत दक्षिणेची होती. सूर्य रोज सकाळी 'वेस्ट' असं लिहिलेल्या खिडकीतून उगवायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुलांच्या डोळ्यांत शिरायचा. कोणीही काही बोलत नव्हतं.

कॅप्टन शिट्टी फुंकायचा. "नॉर्थ!" की सगळे हात फळ्याकडे. "ईस्ट!" की सगळे उजवीकडे. शाळेतल्या पीटीसारखं. पहिल्या दिवशी "नॉर्थ!" ऐकल्यावर सगळे हात पुढे गेले आणि त्या मुलीचा एकटीचा मागे. तिचं बरोबर होतं. मी दारात उभी राहून हे पाहत होते. कॅप्टन तिच्याजवळ गेला, गुटख्याने लाल झालेले दात दाखवत हसला आणि म्हणाला, "गावची दिशा खाली चपलांपाशी काढून येत जा, ताई. इथे इंग्लिश चालतं."

वर्ग खो खो हसला. तिने हात खाली घेतला, मग पुढे केला.

मला अशी शिसारी आली की मी तास न घेता त्याच्या केबिनमध्ये घुसले. "अहो, ती भिंत दक्षिणेची आहे. मुलांना जहाजावर पाठवताय की खड्ड्यात?"

"मॅडम, चिडू नका," तो म्हणाला. "पेपरात नकाशा येतो. नकाशात नॉर्थ वर. पोरांचं आन्सर बरोबर येतं ना? बस्स. उगाच कन्फ्यूज करू नका."

"निदान फळा तरी मागच्या भिंतीवर हलवा."

"तिकडे एसीचं तोंड आहे."

एसीच्या तोंडासाठी त्याने उत्तर दक्षिणेत ठेवली आणि पिचकारी टाकायला उठला. मी माझ्या तासाला रोज सांगत राहिले. पोरांनो, खिडकीतून बघा, ऊन कुठून येतंय? मुलं माझ्यासमोर हो म्हणायची आणि शिट्टी वाजली की हात फळ्याकडे. ती मुलगीही. तिचा हात आता सगळ्यांत आधी उठायचा. कॅप्टन तिच्या पाठीवर शाबासकी द्यायचा, आणि तो हात तिच्या पाठीवर जरा जास्तच वेळ राहायचा. तेही मी त्याला सुनावलं. तेवढं मात्र त्याने ऐकलं.

परीक्षा मुंबईला झाली. निकाल कॅप्टनने मला फोनवर सांगितला. "गेली. इंग्लिश कच्चं हो तिचं. खेड्यातली ना." बोलता बोलता मध्येच त्याने शिट्टी फुंकली. तिचं इंग्रजी कच्चं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्याच दिवशी मी क्लास सोडला. निरोप द्यायलाही गेले नाही, कारण त्या माणसाला नमस्कार करायला हात जोडवले नसते.

मग मी बसने तिच्या गावी गेले. अंगणात तिचे वडील घडाच्या दांड्या तोडत बसले होते. उठले, खाट पुढे केली, तिला चहा ठेवायला सांगितलं. ती चहा घेऊन आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "काय विचारलं गं परीक्षकांनी?"

"बरंच विचारलं. स्टारबोर्ड, लीवर्ड, वारा, प्रवाह, सगळं आलं. ते खूश होते, मॅडम. एक जण म्हणाले, छान बोलतेस. मग शेवटी म्हणाले, या खोलीत नॉर्थ कुठे आहे ते हात करून दाखव."

"मग?"

"मी त्यांच्या मागची भिंत दाखवली."

"ऊन येत होतं का खोलीत?"

"येत होतं. डावीकडून."

"सकाळ होती?"

"हो."

"त्यांनी पुन्हा विचारलं नाही?"

"विचारलं ना. आर यू शुअर, म्हणाले. मी येस सर म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मग ते एकमेकांकडे बघून हसले."

मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी डोंगर कुठे ते सांगता आलं असतं, ती उन्हाकडे बघत बघत चुकीची भिंत दाखवून आली होती. जहाजवाल्यांनी काय चूक केली? दिशा न कळणारी मुलगी ते कशाला घेतील? आणि तो गलिच्छ माणूस तिकडे नव्या मुलांना शिट्टी फुंकत असेल, या विचाराने माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

मी वडिलांना म्हटलं, "भाऊ, हिची चूक नाही. शिकवणाऱ्याची आहे. एकदा आणखी बसू द्या. मी स्वतः तयारी करून घेते, फुकट."

त्यांनी दांडीवरचा विळा काढून बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता. लेकीकडे बघून त्यांचाही चेहरा उतरला होता. "मॅडम, तिले मी एकच डाव सांगेल होतं. आता तिकडच्या लोकाईले होकार गेला. शब्द देल्यावर माघारी कसा घेऊ?"

ती कप उचलायला वाकली.

निघताना ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. दुपार टळली होती. केळीच्या बागांवरून समोर सातपुडा सबंध दिसत होता, निळा, आडवा, आभाळाला टेकलेला. तिला थोडं हसवावं, जुन्यासारखं चिडवावं म्हणून मी म्हटलं, "बरं बाई, आता मला सांग, नॉर्थ कुठे?"

तिचा हात डोंगराकडे उठला. अर्ध्यावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मराठीत की इंग्रजीत, मॅडम?"