कॅनमधलं साधं पेट्रोल

प्रदर्शनातून आल्या आल्या मी गणवेशातच आडवी होते. दुपारचे चार वाजलेत. मम्मी शिवलेले ब्लाऊज पोचवायला गेलीये, घरात मी आणि पंखा. गळ्यातलं पदक मी काढलेलं नाही. का काढू? तालुक्यात पहिली आलेय, बत्तीस पोरांना मागं टाकून! विषय होता ‘ऑक्टेन आणि मोटरसायकलचं इंजिन’. परीक्षक बाईंनी विचारलं, “जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात साधं पेट्रोल घातलं तर काय होईल?” मी धडाधड उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्या ऐकताना माझ्या मनात एकच होतं, मी तेच केलं होतं. पप्पांच्या इंजिनात.

डोळे जड होतात. पंख्याचा आवाज जाड होत जातो, एका जागी चालू ठेवलेल्या गाडीसारखा.

“चोक बंद कर गं, शामली.”

पप्पा. उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलेत. सहा महिने झाले त्यांना जाऊन. स्वप्नातसुद्धा मला ते ठाऊक आहे, तरी मी वाकून चोक बंद करते.

“काय शास्त्रज्ञबाई, पहिला नंबर म्हणे?”

“मग! दुसरा घेऊन घरी आले असते काय मी?”

“आईवर गेलीस. सांग की मग, ऑक्टेन म्हणजे काय?”

“तुम्हाला माहितीये.”

“मला माहितीये. तुला माहितीये का ते बघतोय.”

मी उभी राहते. पायाखाली गॅरेजची तेलकट फरशी नाही, शाळेच्या हॉलची आहे. समोर माझा तक्ता लावलाय, पण खुर्च्यांवर कुणी नाही. फक्त पप्पा, तिसऱ्या रांगेत, क्रेटवरच.

“ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली किती दम धरतं त्याचा आकडा. पिस्टन वर येतो, आतली वाफ दाबली जाते, तापते. दम कमी असला तर प्लगच्या ठिणगीची आग पोचायच्या आतच ती कोपऱ्यात आपली आपण भडकते. मग इंजिन खडखडतं.”

“म्हणजे शंभर ऑक्टेन घातलं की गाडी बुंगाट पळणार?”

“नाही! सगळे तिथंच फसतात. साध्या गाडीत घालून काही उपयोग नाही. ते दम धरतं म्हणून आपल्याला हेड घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं, ठिणगीचं टायमिंग पुढं घेता येतं. ताकद त्यातनं येते.”

“लई भारी,” पप्पा म्हणतात. “मग माझं इंजिन का खडखडलं?”

हॉलचा पडदा हलतो. त्याच्यामागे माळ आहे, रेसचा, धुळीनं तांबडा. मला तिकडं बघायचं नाहीये. पण मी आधीच तिथं उभी आहे, दोरीला टेकून, हातात पाच लिटरचा कॅन.

इम्तियाजचाचांची गाडी होती ती. पप्पा त्यांच्या गाड्या बनवायचे, चाचा पळवायचे, अकरा वर्षं. त्या रविवारसाठी पप्पांनी हेड घासलं, टायमिंग पुढं घेतलं आणि मला सायकलवरून हायवेच्या पंपावर धाडलं, शंभरचं आणायला. पंपावर शंभरचं संपलेलं. मी साधं भरलं. पेट्रोल ते पेट्रोल, वाटलं मला. तेव्हा कुठं काय माहीत होतं! दुसऱ्या कुणीही कॅन आणला की पप्पा विचारायचेच, “कुठलं भरलंस?” मला विचारलं नाही. मला कधीच विचारायचे नाहीत.

तिसऱ्या फेरीत पिस्टनला भोक पडलं. चाचा गाडी ढकलत परत आले. चारचौघांत पप्पा म्हणाले, “टायमिंग माझंच चुकलं. हात गेला माझा.” त्यानंतर चाचांनी गाडी सांगलीच्या मिस्त्रीकडं टाकली. पप्पा ऑइल बदलत राहिले, पंक्चर काढत राहिले. रेसच्या इंजिनाला हात लावला नाही. दोन महिन्यांनी गेले.

“मला ऐकू येत होतं,” पप्पा माळाकडं बघत म्हणतात. “दुसऱ्याच फेरीत. डब्यात खडे हलवल्यासारखं. म्हटलं, टायमिंग तर मीच लावलंय, दोनदा बघून. मग कानच खराब झाले म्हणायचे.”

मी तोंड उघडते. 

“पप्पा, ते शंभरचं नव्हतं.”

ते वळत नाहीत.

“साधं होतं. मी भरलेलं. सांगितलं नाही.”

धूळ खाली बसत नाही. पप्पा खिशातून तो पिस्टन काढतात. मधोमध भोक, कडा वितळून खाली ओघळलेल्या. ते माझं बोट धरतात आणि त्या भोकात घालतात, लहानपणी दुधाच्या फुलपात्रात घालायला लावायचे तसं, गरम आहे का बघ म्हणून.

“सांगितलं असतंस तर सिलिंडरखाली एक पॅकिंग जादा घालून कॉम्प्रेशन उतरवलं असतं. टायमिंग मागं घेतलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं गं.”

“मारा मला.”

“थांब.” त्यांचा चेहरा वेगळाच होतोय. “म्हणजे टायमिंग बरोबर होतं माझं?”

“हो.”

“आणि ऐकलं तेही बरोबर?”

“हो, पप्पा.”

“हात गेला नव्हता?”

“नव्हता.”

ते हसतात. रागावले असते तर बरं झालं असतं. इतके खूश होतात की मला बघवत नाही. गुडघ्यावर थाप मारतात, उठतात, माळावर कुणालातरी हाक मारायला हात वर करतात. माळावर कुणीच नाही.

“इम्तियाजला सांग,” ते म्हणतात.

“तुम्हीच सांगा ना.”

“मी कुठनं सांगू, पोरी?”

पंखा थांबलाय. लाईट गेलीये. गालावर पदकाची रिबन चिकटलीये आणि घामानं उशी ओली आहे. मी उठून बसते.

उजव्या हाताचं पहिलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत काळं झालंय. काजळी. अंगठ्यानं घासते तर अंगठ्यालाही लागते. घरात गाडीचं एकही सामान नाही, मम्मीनं सगळं विकून टाकलं. मी नळाकडं जात नाही. ते बोट वेगळं धरून डाव्या हातानं मम्मीच्या जुन्या मोबाईलवर नंबर शोधते.

“बोल बेटा,” चाचा म्हणतात. “पहिली आलीस ना? कळलं मला.”

“चाचा, पप्पांचं टायमिंग चुकलं नव्हतं.”

त्यांच्या मागं कुठलंतरी इंजिन चालू आहे. ते बंद होतं.

“पेट्रोल मी आणलं होतं,” मी म्हणते, आणि पुढचं सगळं सांगते.