ठमीची पापणी

पुष्पाबाईच्या तोंडी लागायची हिंमत जालन्यात फार थोड्यांची होती. माहेर टेंभुर्णीचं, जीभ तिखट, आणि आवाज असा की भाजीवाला भाव सांगायच्या आधीच दोन रुपये उतरायचा. शहराबाहेर औषधांची तपासणी करणाऱ्या एका केंद्रात ती माकडांची देखभाल करायची. पिंजरे धुवायचे, फळं चिरायची, चणे भिजवायचे. तिथली माकडंसुद्धा तिला वचकून असत. एक ठमी सोडून.

ठमी म्हातारी, बोळकी. भिजलेला चणासुद्धा तिला चावता येत नसे. गालात धरून ती पुष्पाबाईकडं बघत बसायची. आता ह्याला काय करावं? पुष्पाबाई इकडंतिकडं बघायची, मास्क हनुवटीखाली ओढायची, चणे स्वतः चावून मऊ करायची आणि गजांपाशी तोंड नेऊन ठमीला भरवायची. घरी दोन वर्षांच्या नातीला, छकुलीला, ती असंच भरवायची. आत मास्क काढायला सक्त मनाई होती, पण मायेला कसली आलीय मनाई, असं तिचं म्हणणं.

माकडांना टीबी आहे का, हे बघायची तिथली रीत अशी: वरच्या पापणीत बारीक सुईनं औषधाचा थेंब टोचायचा आणि तीन दिवस डोळा न्याहाळायचा. पापणी होती तशी राहिली तर ठीक. सुजून खाली उतरली, तर पुढच्या तपासण्या. यंदा ठमीची पापणी सुजली. डोळा अर्धा झाकला. फुप्फुसाच्या फोटोतही तेच निघालं. तिला वेगळ्या खोलीत नेलं. बाकीच्यांना लागण नको म्हणून तिला आता कायमचं झोपवायचं ठरलं.

जनावरांच्या डॉक्टर निवेदिता मॅडमनी सगळ्या कामगारांना गोळा केलं. "माकडांना हा रोग बहुतेक वेळा माणसाकडूनच लागतो. तुमच्यात कुणाला खोकला आहे?"

सगळ्यांच्या माना मच्छिंद्रकडं वळल्या. पिंजरे धुणारा मच्छिंद्र बिडीबाज, सकाळपासून खोकायचा.

"मॅडम, हा बिडीचा खोकला हाय," तो कळवळून म्हणाला. "बिलकुल दुसरं काई न्हाई."

आणि पुष्पाबाई त्याच्यावरच उखडली. "बिड्या फुकून फुकून छातीचं खोकं केलं, आन् आता त्या मुक्या जिवाला बाधवलं! लाज कशी वाटत न्हाई रे?"

लाज! हे ती बोलली. दोन महिने पदरात तोंड खुपसून जी खोकत होती, ती. घरी विचारलं तर म्हणायची, मिरची कांडली त्याचा ठसका. दरवर्षी कामगारांच्या छातीचा एक्स-रे व्हायचा. यंदा तो नेमका अंगारकीला आला, तर "राजूरला नवस फेडायचाय" म्हणून बाई सटकली. नवसबिवस काही नव्हता. छातीत काही निघालं तर काम जाईल, घरात ताट-पेला वेगळा होईल, ही धास्ती. गणपतीच्या रांगेत उभं राहूनही तिनं देवाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

तपासणी होईपर्यंत मच्छिंद्रला घरी बसवलं. त्याच्या बायकोला नळावर बायका बाजूला सारायला लागल्या. पुष्पाबाईच्या कानावर हे आलं. ती खाली मान घालून चणे भिजवत राहिली.

त्या संध्याकाळी सुनेनं, रजनीनं, वरणभात वाढला. छकुली येऊन आजीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं आ केला. पुष्पाबाईनं सवयीनं घास आपल्या तोंडात घातला, चावला, आणि एकदम थांबली. ठमी अशीच तोंड उघडून बसायची. अगं बाई, काय केलं हे मी! तिनं घास ताटात थुंकला. पोर रडायला लागली.

"आत्या, काय झालं?"

"रजे, पोरीला उचल. माझ्यापासून लांब ने," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडत सगळं सांगून मोकळी झाली. रजनीनं लेकीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

सकाळी पुष्पाबाई सगळ्यांसमोर मॅडमपुढं उभी राहिली. "मच्छिंद्रचं काई न्हाई, मॅडम. मीच खोकून राह्यले. त्या दिशी राजूरला मुद्दाम गेल्ते. आन् ठमीला मी माझ्या तोंडातलं भरवत व्हते."

एक्स-रे झाला, थुंकी तपासली. टीबी तिलाच होता. मच्छिंद्रला काहीच निघालं नाही. तो तिच्या घरी येऊन दारातूनच म्हणाला, "मावशी, गोळ्या बराबर घ्या." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला सोसलं असतं. ठमी गेली, हेही त्यानंच सांगितलं.

दवाखान्यात छकुलीच्या हातावरही तसाच थेंब टोचला. घरात जो तो त्या इवल्या हाताकडं बघू लागला. पुष्पाबाई बाहेर ओसरीवर, तोंडाला मास्क, लांबूनच बघायची. तिसऱ्या दिवशी हातावर टणक गाठ आली. डॉक्टर म्हणाले, लागण झालीय, पण रोग अजून अंगात पसरलेला नाही, वेळेत कळलं, औषधानं पोर ठणठणीत राहील. रजनीनं देवापुढं साखर ठेवली. पुष्पाबाईला मात्र डोकं कुठं आपटून घ्यावं असं झालं होतं.

दुपारी आईची नजर चुकवून छकुली उंबऱ्यापर्यंत आली. तिनं सुजलेला हात पुढं केला.

"आज्जी, बाऊ. फू कर."

पुष्पाबाईनं मास्कवर पदर घट्ट दाबला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.