बाळंतिणीची फाइल

“मशीनमध्ये ही बाईच नाहीये!” वसईच्या सिस्टर फिलोमिना काउंटरवरून ओरडल्या. समोर व्हीलचेअरवर फातिमा नावाची बहारीनी बाई, कळा सुरू झालेल्या. तिचा ब्लड ग्रुप आमच्या कॉम्प्युटरमध्ये होता. आणि कॉम्प्युटर म्हणत होता, अशी कुणी पेशंटच नाही!

शेवटी सिस्टरनी धावत जाऊन जुन्या कपाटातून तिचं कार्ड काढलं, म्हणून निभावलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बहारीनच्या राजधानीतल्या, मनामातल्या त्या खासगी हॉस्पिटलात फाइली नुकत्याच कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. ट्रायल चालू होती. ती फसली तर मशीन परत, आमचं डिपार्टमेंट बंद आणि माझा व्हिसा खलास.

मी अमेरिकेतून कॉम्प्युटर सायन्स करून आले होते. तिथे मुख्य विषयाला एक छोटा जोडविषय घेतात, त्याला मायनर म्हणतात. सगळे म्हणाले, मॅथ्स घे. मी घेतलं अँथ्रोपॉलॉजी, म्हणजे माणसं कशी राहतात, नाती कशी लावतात, याचं शास्त्र. बहारीनमध्येच मुहर्रकला विमानतळावर नोकरी करणारे बाबा फोनवर कडाडले होते, “नातीगोती शिकायला अमेरिका कशाला? चिपळूणला तुझी आत्या फुकट शिकवेल!”

असो. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, तेही बहारीनी, तणतणत आले. “उद्या सकाळपर्यंत नीट करा, नाहीतर मफी कॉम्प्युटर!” मफी म्हणजे नाही, कॉम्प्युटर बंद.

माझे बॉस कुलकर्णी सर पुण्याचे. म्हणाले, “टायपिंगवाल्यांनी घोळ घातलाय, दुसरं काय!”

मी एकेक नाव शोधून पाहिलं. पुरुष सापडत होते, मुलं सापडत होती. गायब होत्या फक्त लग्न झालेल्या बायका.

“सर, मॅरिड बाईचं नाव प्रोग्रॅम कसं धरतो?”

“कसं म्हणजे? वडिलांचं नाव जातं, नवऱ्याचं नाव-आडनाव लागतं. ऑटोमॅटिक! मी स्वतः लिहिलंय.”

“इथे नाव बदलत नाहीत, सर. बाईचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतरही तेच.”

“असं कसं? लग्न झालं की नाव बदलतंच!”

“आपल्याकडे, सर.”

सर स्वतःशीच हसले. “अरे देवा! अख्ख्या बहारीनच्या बायकांना मी सासरी पाठवलं की!”

खरं तर मी इथेच वाढले. शाळेत बहारीनी मैत्रिणी होत्या. पण नाव कुणाकडून येतं, हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे मला त्या मायनरने शिकवलं.

मूळ नावं टेपवर शाबूत होती. सरांचा तो नियम काढला आणि सगळं पुन्हा चढवलं. सकाळी डॉक्टरांनी स्वतः टाइप केलं ते बायकोचं नाव. फाइल झटक्यात आली. “तमाम!” म्हणाले, म्हणजे एकदम झकास, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. काय सांगू, इतका अभिमान मला डिग्री घेतानाही वाटला नव्हता.

फातिमाला मुलगी झाली होती. तिची नोंद सिस्टरनी मलाच करायला लावली. ट्रायल पास झाली, मशीन राहिलं, मीही राहिले. बाबा आमच्या उम्म अल हस्सम वस्तीभर सांगत फिरले, “मायनर आमच्या सल्ल्याने घेतला हो!”

आता नात्यातली पोरं विचारतात, मायनर कुठला घेऊ? मी विचारते, तुझ्या प्रोग्रॅमपुढे कोण येऊन बसणार आहे? बाळंतीण येणार असेल, तर नुसतं मॅथ्स पुरत नाही.