बॉनेटखालची पांढरी अक्षरं

जालिंदरअण्णांकडे गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. ड्रायव्हरला स्टुलावर बसवायचे आणि वैद्याने नाडी धरावी तसे प्रश्न सुरू करायचे. ‘‘दिवा कवा पेटला? चढाला का सपाटीला? गाडीत मानसं किती हुती?’’ एखादं घायकुतीला आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, ‘‘अहो, मशीन लावा की, मशीनच सांगेल.’’ अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे. ‘‘मशीन सांगंल. पर मशीनला काय इचारायचं, ते तू सांग.’’

नगरजवळच्या केडगावात पुणे रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मूळचे पाथर्डीकडचे. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे पोरपण कारखान्याच्या आवारात, ट्रॅक्टरच्या चाकांमध्ये गेलं. शाळा चौथीपर्यंत. नव्या गाड्या आल्या, स्टिअरिंगखाली वायर खोचून दोष सांगणारी मशीनं आली, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. अण्णांनी मात्र पन्नाशीत इंग्रजी आकडे गिरवले आणि गाडीतला कॉम्प्युटर दोषाला जे नंबर देतो, ते कोड पाढ्यांसारखे पाठ केले. चहा पिता पिता मी कोड विचारायचो आणि ते घडाघडा उत्तर द्यायचे. चुकले तर चहा त्यांचा, बरोबर आले तर माझा. मी कितीतरी चहा पाजले त्यांना.

एकदा एक जीप आली. तिचा एकच सेन्सर तीन गॅरेजांत तीन वेळा बदललेला, तरी दिवा जात नव्हता. अण्णांनी तिन्ही प्रश्न विचारले, गाडी रात्री कुठे उभी असते तेही विचारलं, आणि आडवे होऊन गाडीखाली शिरले. बाहेर आले ते कुरतडलेली वायर दाखवत. ‘‘खाल्ली उंदरानं, आन फाशी सेन्सरला! आरं, जो वरडतो त्यानंच चोरी केली आसं आसतंय व्हय? कोड निस्ता वरडतो. चोर आपुन हुडकायचा.’’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. मला ते समजलं नव्हतं, एवढं आज नक्की सांगतो.

माझी नऊ सीटची डिझेल गाडी आहे, प्रवाशांना शिर्डीला नेतो-आणतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पुण्याची पार्टी होती आणि समोर तो इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला. दिवा दिसला की पार्टी हुज्जत घालते, गाडीत बसायला तयार होत नाही. मी अण्णांकडे गेलो. प्रश्न झाले, मशीन लागलं. ‘‘पी-००८७,’’ अण्णा म्हणाले. ‘‘डिझेलचा पंप दमलाय, सदा. सपाटीला पळंल, पर भरल्या गाडीला चढाला डिझेल पुरायचं न्हाई. पंप यायला दोन दिस लागत्याल. गाडी हितंच ठिव.’’

मी विनवण्या केल्या. शिर्डीपर्यंत रस्ता सपाट आहे म्हटलं. परवा सकाळी नक्की आणून लावतो म्हटलं. ‘‘अण्णा, तेवढा कोड पुसा. दिवा विझू दे.’’ ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. शेवटी रुसल्यासारखं तोंड केलं आणि म्हणालो, ‘‘माझ्यासाठी एवढंही नाही?’’ पुसायचं बटण दाबलं की ते मशीन खरंच पुसायचं का म्हणून परत एकदा विचारतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी दाबलं.

दिवा विझला आणि माझ्या डोक्यातला पंपही विझला. पार्टी झाली, तिच्या मागे दुसरी, तिसरी. गाडी लोण्यासारखी पळत होती. दोनदा अण्णांचा फोन आला, ‘‘पंप येऊन पडलाय.’’ दोन्ही वेळा मी उद्या येतो म्हणालो.

तिसऱ्या आठवड्यात गावी गेलो होतो. आमचं गाव करंजी घाटाच्या खाली. सकाळी दहाच्या सुमारास तुरीच्या रानात दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या छातीत कळ आली. त्याला मागच्या सीटवर झोपवलं, वहिनींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, भावकीतले चौघे चढले आणि आम्ही नगरकडे निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर दिवा पेटला आणि गाडीचा जीव गेला. पाय पार खाली दाबला तरी ती उठेना. चौघे उतरले, तरी उठेना. उसाचे भरलेले ट्रक हॉर्न देत आम्हाला मागे टाकून गेले. ‘‘भावजी, जोरात घ्या ना,’’ वहिनी म्हणत होत्या. आधी मोठ्याने, मग हळू, मग काहीच नाही. माथ्यावर पोहोचायच्या आत दादा गेला होता. लवकर पोहोचलो असतो तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

वहिनींचे भाऊ रामनाथ यांनी गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथल्या मशीनने सांगितलं की पंपाचा दोष आहे आणि जुने कोड कुणीतरी अकराशे चाळीस किलोमीटरपूर्वी पुसलेले आहेत. कुणी पुसले असतील, हे शोधायला वेळ लागला नाही. रामनाथ माणसं घेऊन गॅरेजवर गेले. मीही होतो. त्यांनी अण्णांची कॉलर धरली. ‘‘तूच पुसला ना?’’

अण्णांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी दारातल्या टायरांच्या ढिगाजवळ उभा होतो. दोन शब्दांचं काम होतं. माझ्या तोंडातून ते निघाले नाहीत.

‘‘व्हय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्याच पुसला.’’

दादाचं तेरावं झाल्यावर त्यांनी निरोप धाडून गाडी बोलावली आणि पंप बसवला. मग पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला बारीक ब्रशने लिहिलं, ‘पी-००८७. पुसला, जालिंदर.’ मी म्हटलं, ‘‘अण्णा, सांगितलं मी होतं. माझं नाव...’’ त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. ‘‘बटन कुनी दाबलं? गिऱ्हाईक मागंल ते द्यायला म्या काय पानपट्टी चालवतो?’’

त्यानंतर हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली ते सापडलेला कोड पांढऱ्या रंगात लिहायला लागले, म्हणजे कुणाला पुसता येऊ नये. मालकांना ते नको असायचं. असली गाडी पुढे विकायची कशी? शिवाय ‘माणूस मारलेला मिस्त्री’ हे नाव पसरलंच होतं. दोन वर्षांत गॅरेजसमोर गवत उगवलं. मी जायचो, चहा न्यायचो. कोड विचारले तर म्हणायचे, ‘‘इसारलो.’’ ते विसरले नव्हते. पुढे पत्रे काढून ते गावी गेले. गेल्या माघात विहिरीवरची मोटर खोलायला बसले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला गेलो तेव्हा काकूंनी, त्यांच्या बायकोने, मला बाजूला बोलावलं. ‘‘तुमचं लई येनंजानं हुतं. खरं सांगा, यांनी त्यो कोड पुसला तरी कशापायी? मी लई येळा इचारलं, मला कंदी सांगितलं न्हाई.’’ बायकोलाही सांगितलं नव्हतं त्यांनी. मी काकूंच्या पाया पडलो आणि उत्तर न देता निघून आलो. लाज वाटते लिहायला, पण तसंच केलं.

घरी येऊन मी बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिलो. वहिनी आता आमच्याकडेच असतात. त्या चहा घेऊन आल्या आणि ती अक्षरं त्यांनी पहिल्यांदाच वाचली. ‘‘मेला तरी नाव ऱ्हायलंच का त्याचं गाडीवर?’’ त्यांनी दोरीवरचं फडकं ओढून माझ्या हातात दिलं. ‘‘पुसून टाका, भावजी.’’

पुसून टाका. मी बंपरवर टेकलो आणि सगळं सांगितलं. दिवा, पार्टी, रुसलेलं तोंड, दोन फोन, सगळं. वहिनी ऐकत राहिल्या. चहावर साय धरली.

‘‘आन आमच्या रामनाथनं त्या मानसाची कॉलर धरली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तवा तुमी कुठं हुता?’’

‘‘तिथंच होतो.’’

त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, परत दोरीवर टाकलं आणि आत गेल्या. त्याला आता चार महिने झाले. दोन्ही वेळेला ताट वाढून ठेवतात. माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.